इन्शाल्ला कुठल्या रकान्यात

५ ऑक्टोबर, रविवार

ही डायरी मिस्टरांच्या कंपनीची, गेल्या वर्षीची. कोरीच पडली होती. वार चुकीचे छापलेत, ते रोज खोडून बरोबर लिहीन. नवी डायरी विकत घेणाऱ्या बायकांची मला कीव येते.

आज नोकरी लागली. बाणकोटच्या मराठी शाळेतून मॅट्रिक झालेल्या बाईला, दुबईत! काम सर्व्हेचं. इथल्या आपल्या लोकांना देशाबद्दल, समाजाबद्दल काय वाटतं ते घरोघर जाऊन विचारायचं. देश बरोबर दिशेने चाललाय का, मुलींनी लग्नानंतर काम करावं का, असे बावीस प्रश्न. कंपनी मुंबईची, ऑफिस इथे आमच्या देरा भागातच, परवानगीचा कागद फ्रेम करून भिंतीवर लावलाय. आपल्या बायका परक्या पुरुषाला दार उघडत नाहीत, म्हणून मी. एका फॉर्मला पंधरा दिरहम, म्हणजे साडेतीनशे रुपयांच्या वर. अल्हम्दुलिल्लाह.

साहेब म्हणजे व्हिवियन नावाचा वसईचा पोरगा. टाय लावतो. मला आंटी म्हणतो. मी विचारलं, एवढ्याशा लोकांना विचारून लाखो लोकांचं मत कसं कळणार? म्हणाला, "आंटी, रक्त तपासायला बाटलीभर काढतात का?" मी म्हटलं, "रक्त खोटं बोलत नाही." गप्प बसला. शिकलेली माणसं अशीच लगेच गप्प बसतात.

चौदावा प्रश्न वाचला आणि अल्लाने ही नोकरी मला का दिली ते कळलं. "येत्या पाच वर्षांत कायमचं भारतात परत जाण्याचा तुमचा विचार आहे का?" रकाने तीन. होय, नाही, सांगता येत नाही.

बाणकोटचं आमचं घर बांधून सहा वर्षं झाली. दोन मजले, खाडीच्या बाजूला गॅलरी. राहतं कोण? पाली. मार्चमध्ये आमच्या मुलीची, इनायाची बारावी संपेल, एप्रिलमध्ये आम्ही जाणार. हे मी ठरवलेलं आहे. मिस्टर सहा वर्षं "बघू" म्हणताहेत. डिसेंबरात व्हिसा संपतो, तो पुन्हा करायच्या आत त्यांच्यापुढे आकडा ठेवायचा की सगळे चाललेत, आपणच मागे. माझं म्हणणं त्यांना पटत नाही, आकडा पटतो. स्टोअरकीपर आहेत.

संकल्प: कोणाच्या मतात आपलं मत घालायचं नाही. कोणाकडे चहा घ्यायचा नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पहिला फॉर्म शहनाझचा. आमच्याच बिल्डिंगमध्ये, तिसरा मजला, माहेर श्रीवर्धन. देश बरोबर दिशेने चाललाय का? म्हणाली, "हे घरी आले की विचारून सांगते." म्हटलं, मत तुझं हवंय. म्हणाली, "अगं, माझं तेच असतं." भाजीवाल्याशी अर्ध्या दिरहमसाठी भांडते तेव्हा हिचं मत कुठून येतं? तेव्हा नवऱ्याला फोन करत नाही.

"काही अंशी सहमत" असाही एक रकाना आहे. नमाज काही अंशी पढली, असं असतं का? पण लोकांचा जीव त्याच रकान्यावर. शहनाझ अकरा प्रश्नांना काही अंशी सहमत.

चौदाव्याला मात्र ताडकन म्हणाली, "इन्शाल्ला, इन्शाल्ला!" दोनदा. फॉर्म टॅबलेटवर भरायचा असतो, त्यात इन्शाल्लाचा रकाना नाही. मी "होय" दाबलं. अल्लाचं नाव घेऊन दिलेला शब्द "नाही"त टाकायला माझा हात धजणार नाही. "सांगता येत नाही"त टाकणं तर त्याहून वाईट. ज्याच्या हातात सगळं आहे त्याचं नाव घेतलं आणि म्हणे सांगता येत नाही!

चहा घेतला. बिस्किटंही. नाही म्हटलं तर बाई मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून.

१२ ऑक्टोबर, रविवार

व्हिवियनने सगळ्यांना बोलावून सांगितलं, प्रश्न लिहिलाय तसाच वाचायचा. समजावायचं नाही, मान हलवायची नाही, चेहरा कोरा ठेवायचा. मला काही अडचण नाही. मी मुळातच कमी बोलते.

दुपारी ताजबी चाचींकडे गेले. पासष्ट वर्षांच्या, मुलाच्या व्हिसावर इथे असतात. प्रश्न: मुलींनी लग्नानंतर काम करावं का? म्हणाल्या, "हो तर, करावं की." या वयात! अर्धा तास समजावलं. शेवटी म्हणाल्या, "तुला काय लिहायचं ते लिही बाई, मला नमाजला उठू दे." मी "नाही" लिहिलं. मतात मत घातलं नाही, चूक तेवढी दुरुस्त केली.

चौदावा: "इन्शाल्ला. मरण तरी आपल्या मातीत यावं." होय.

१९ ऑक्टोबर, रविवार

लोकांना मतं नसतातच, हे आता माझ्या लक्षात आलंय. बायकांना नवऱ्याची मतं असतात, नवऱ्यांना टीव्हीवर ओरडणाऱ्या माणसांची. देशाचं नाव काढलं की पुरुष सोफ्यावर पुढे सरकून बसतात, आवाज चढवतात. घरातला गॅस सिलिंडर कधी आला ते विचारा, माहीत नाही.

तरी चौदाव्याला सगळे एकमुखाने इन्शाल्ला. काय एकी आहे! डोळ्यात पाणी आलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

जुम्म्याची बिर्याणी वाढून मिस्टरांना आकडा सांगितला. चौतीसपैकी एकतीस परत जाणार. म्हणाले, "कोण म्हणतं?" म्हटलं, "जनता." म्हणाले, "हम्माद पण?" हम्माद त्यांचा कंपनीतला दोस्त, त्याचा फॉर्म मीच भरलाय. म्हटलं, तो तर पहिला. म्हणाले, "त्याने परवा नवी गाडी घेतली. पाच वर्षांच्या हप्त्यावर." आणि परत रस्सा मागितला.

विचार केला. गाडी विकून जाईल. शहनाझनेही नवा सोफा घेतलाय, तोही जाताना विकायलाच असणार. नवी वस्तू विकली की पैसे जास्त येतात. हे मिस्टरांना सुचत नाही.

इनाया ताटावरून म्हणाली, "अम्मी, दॅट्स नॉट हाऊ सॅम्पलिंग वर्क्स." ऊद मेथाच्या शाळेची एवढी फी भरून मुलगी आईला हे सांगते. म्हटलं, सॅम्पलिंग राहू दे, कोशिंबीर उचलून ठेव.

३० ऑक्टोबर, गुरुवार

आज एक उद्धट माणूस भेटला, फोनवर. अफनान, अबुधाबीकडच्या मुसफ्फातल्या वर्कशॉपमधला वेल्डर, मूळ दाभोळचा. चौदावा प्रश्न अर्धाच वाचला होता तोवर म्हणाला, "होय. शनिवारचं तिकीट आहे. कंपनीने काढलं कामावरून." इन्शाल्ला नाही, काही नाही. सरळ होय! एवढा गर्व? विमान काय याच्या बापाचं आहे? अशा माणसाचा भरवसा धरता येत नाही. "सांगता येत नाही"त टाकला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

एक फॉर्म कमी पडत होता. घरच्या माणसाचा चालत नाही असा नियम आहे, पण मिस्टर घरात असतात तरी किती! जमाल हे खोटं नाव टाकलं, फोन नंबर त्यांचाच दिला. खोटा नंबर देणं पाप आहे.

ते नखं कापत होते. चौदावा विचारला. मान वर न करता म्हणाले, "इन्शाल्ला."

बघूवरून इन्शाल्लावर आले! सहा वर्षांनी! शुक्रान्याची दोन रकात नफ्ल नमाज पढले. आकड्याने काम केलं.

बाकीचे एकवीस प्रश्न त्यांना विचारलेच नाहीत, स्वतः भरले. बावीस वर्षांच्या संसारात त्यांची मतं मला पाठ आहेत. बरीचशी मीच दिलेली आहेत.

६ नोव्हेंबर, गुरुवार

बाणकोटला फोन करून घराला रंग काढायला सांगितला. ग्रोसरीवाल्याकडून रिकामे खोके आणले, फुकट. लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगितलं, आम्ही एप्रिलमध्ये चाललो.

शहनाझ माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. म्हणाली, "खरंच जाताय? मला वाटलं, तूही आपलं म्हणतेस." जळते. हिचा सोफा विकला गेला नसेल.

११ नोव्हेंबर, मंगळवार

व्हिवियनचा फोन. माझा चौदाव्याचा आकडा सगळ्यांहून वेगळा आलाय. बाकीच्या मुलींकडे पाचातला एकही धड परत जात नाही आणि माझ्याकडे जवळजवळ सगळे. म्हटलं, त्या मुली लिपस्टिक लावून जातात, त्यांना कोण खरं सांगणार? म्हणाला, बॅक-चेक होईल. म्हणजे ऑफिसातली मुलगी माझ्या लोकांना पुन्हा फोन करून तेच प्रश्न विचारणार. करा म्हटलं. बहुतेक मला सुपरवायझर करायचा विचार आहे. नाही म्हणणार आहे, एप्रिलमध्ये जायचंय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ऑफिसात बोलावलं होतं. जरीचा दुपट्टा घेतला.

व्हिवियनने दार लावून घेतलं. बारा जणांना फोन केले, म्हणाला. अकरा जण म्हणाले परत जाणार नाही. मी म्हटलं, माझ्यासमोर सगळ्यांनी इन्शाल्ला म्हटलंय. त्याने कपाळाला हात लावला. "आंटी, मी चार वर्षं पगारवाढ मागतोय. आमचे मोठे साहेब चार वर्षं इन्शाल्ला म्हणताहेत."

म्हटलं, हा तुमच्या साहेबांच्या इमानाचा प्रश्न आहे.

मग म्हणाला, "हा जमाल कोण? याचा नंबर आणि तुमच्या अर्जावरचा घरचा नंबर एकच आहे." मी पंख्याकडे बघितलं. तो टॅबलेट माझ्यापुढे सरकवून पाणी आणायला गेला. पोरगा चांगल्या घरचा आहे.

मिस्टर फोन करणाऱ्या त्या ऑफिसातल्या मुलीशी पंचवीस मिनिटं बोलले होते. माझे मिस्टर. जे घरात मीठ हवं असलं तर बोट दाखवतात. देशावर बोलले, महागाईवर बोलले. मुलींनी लग्नानंतर काम करावं का? पूर्णपणे सहमत. पूर्णपणे! मी "पूर्णपणे असहमत" भरलं होतं.

घरातले मोठे निर्णय कोण घेतं? "बायको."

परत जाण्याचा विचार? "नाही."

खाली त्या मुलीने शेरा लिहिला होता. उत्तर देणाऱ्याने आपणहून सांगितलं की मुलीला इथल्याच कॉलेजात जागा मिळते आहे, तिलाही इथेच राहायचं आहे. पत्नीने गावी रंगकाम सुरू केलं आहे. तिला सांगायची हिंमत होत नाही.

व्हिवियनने पाण्याचा ग्लास ठेवला. म्हणाला, फॉर्म सगळे रद्द करावे लागतील. म्हटलं, करा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

डोकं दुखत होतं. बिर्याणी केली नाही. डाळ-भात. कोणी का म्हणून विचारलं नाही, म्हणजे दोघांनाही कळलंय.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मीच विषय काढला. म्हटलं, परक्या पोरीला सांगता येतं आणि मला नाही? मिस्टरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "तिने विचारलं आणि ऐकून घेतलं. मधे काही बोललीच नाही." मग चष्मा परत लावून, "तुला जायचंच असलं तर जा. रंग होऊ दे. मी पैसे पाठवत जाईन. सुट्टीत आम्ही येऊ."

आम्ही म्हणजे ते आणि इनाया. ती दाराआड उभी होती. बाहेर येऊन माझ्या शेजारी बसली आणि पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "अम्मी, तू रडू नको." मी रडत नव्हते. फोडणीचा धूर होता.

२२ नोव्हेंबर, शनिवार

खूप विचारांती मी निर्णय घेतलाय की यंदा गावी जायचं नाही. मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे. आई इथे नसेल तर ही दोघं रोज हॉटेलातून मागवून खातील, घरखर्च दुप्पट होईल. मिस्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "तू म्हणशील तसं."

घरातले मोठे निर्णय मीच घेते, हे तर त्यांनी लेखी दिलंय.

८ डिसेंबर, सोमवार

व्हिसा पुन्हा केला. दोन वर्षांचा. सकाळी रक्त दिलं, मग बोटांचे ठसे, मग फोटोच्या खुर्चीत बसवलं. कॅमेऱ्यामागची मुलगी म्हणाली, मॅडम, हसायचं नाही, हसलं तर फोटो रिजेक्ट होतो.

एका फटक्यात पास झाला.