वडवानलाचा तपास

३ फेब्रुवारी १९८७, बोरी
मालनबाईचा भुजंग गोव्याहून रजेवर आलाय. माझ्या वर्गात संस्कृत शिकलेला पोरगा, आता समुद्राचा शास्त्रज्ञ. पारावर सांगत होता: समुद्राच्या तळाला भेगा असतात, त्यांतून साडेतीनशे अंशांचं पाणी उसळतं. थंड पाण्याला भिडलं की त्यातलं लोखंड, तांबं, गंधक काळ्या धुरासारखं बाहेर पडतं आणि दगडाची धुराडी उभी राहतात. या पाण्याचं रसायन हा तपासणार. पासपोर्ट मिळाला की परदेशी जहाजावर. वेळेत नाही मिळाला तर जहाज थांबणार नाही म्हणे.
साडेतीनशे अंश, आणि वाफ नाही? कुठेतरी पाणी मुरतंय. मास्तर म्हणून सोडलं असतं, परभणीच्या पेपरचा वार्ताहर म्हणून नाही. छडा लावायचा. गुपचूप.

४ फेब्रुवारी
गावभर झालंय. दाढी करताना सीतारामने विचारलं, काय गुरुजी, भुजंगाच्या मागं लागलाव म्हनं? वस्तरा गळ्यावर असल्याने उसाचा भाव विचारला.
संध्याकाळी भुजंगाला ऐकवलं, यात नवं काय, आपल्याकडे वडवानल, समुद्राच्या पोटातला अग्नी, होताच. तो म्हणाला, हो गुरुजी, तो शब्द तुमच्याकडूनच शिकलो. एवढी नम्रता? नक्की काहीतरी लपवतोय.

७ फेब्रुवारी, दुपार
भुजंगाचं स्पष्टीकरण: वरून पाण्याचा दाब प्रचंड, म्हणून उकळत नाही. हे प्रयोगाने खोडून काढायचं ठरवलं. पातेल्यात पाणी, वर झाकण, झाकणावर समुद्राच्या जागी वरवंटा. स्टोव्ह मोठा.
पाणी उकळलं. वरवंटा पायावर आला.
निष्कर्ष: पाणी दाबाला जुमानत नाही. अंगठा सुजलाय.

८ फेब्रुवारी
हळद लावता लावता सौ. म्हणाली, हाच पोरगा देशमुखांचा असता तर हार घेऊन स्टँडवर गेला असता तुम्ही. भीमनगरातला निघाला म्हणून वरवंटा.
साफ गैरसमज. माझा आक्षेप निव्वळ रासायनिक आहे.
रात्रभर विचार केला. निव्वळ रासायनिकच आहे.

१२ फेब्रुवारी
शेवटी सरकारला जाग आली! पोलीस ठाण्यातला आश्रुबा जमादार घरी हजर, भुजंगाची चौकशी करायला. एवढ्या गावात नेमका माझ्याकडे. याला म्हणतात पत्रकारितेचा दबदबा.
सगळं सांगितलं. अंश, वाफ, धुराडी. जमादाराने जांभई दिली. म्हणाला, ते ऱ्हाऊ द्या गुरुजी, मानूस कसा हाय तेवढं सांगा. म्हणालो, गूढ. पुरावा म्हणून पातेलं आणायला आत गेलो. बाहेर येतो तो सौ.शी बोलत त्याने चहा संपवलेला, वही मिटलेली, आणि कारण नसताना हसतोय. हाही सामील?

१३ फेब्रुवारी
मथळा: ‘समुद्रतळाशी गौडबंगाल’. पाकीट परभणीच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिलं. पहिलं पान नक्की.

१६ फेब्रुवारी
पहिल्या पानावर गंगाखेडचा ऊस. आतल्या पानांवरही ऊसच. संपादकावर कुणाचा दाब?

२० फेब्रुवारी
संपादकाला जाब विचारायला परभणीला निघालो. स्टँडवर आश्रुबा भेटला. विचारलं, अटक कधी? तो खो खो हसला. म्हणाला, कसली अटक गुरुजी, पासपोर्टची चौकशी व्हती ती. गावातल्या दोन भल्या मानसांची नावं द्यावी लागतेत. पोरानं पैलं नाव तुमचंच देल्तं.
मग माझा जबाब? तो म्हणाला, तुमचा लिवला असता तर पोराचं जहाज बुडालं असतं की हितंच. तुमी पातेलं आणाया गेलाव तवा काकू म्हनल्या, यांचा लय जीव हाय त्याच्यावर, तेवढंच लिव्हा. लिवलं. तुमच्याच नावानं.
परभणीची बस समोरून गेली. चढायचं राहिलं.

५ मार्च
भुजंग जहाजावर गेला. मालनबाई पेढे घेऊन आली. म्हणाली, गुरुजी, तुमच्या शब्दावर लेकरू एवढ्या लांब गेलं बगा. जाताना बजावून गेलाय, आदी गुरुजीचं तोंड गोड कर.
खरं सांगणार होतो. म्हणालो, कर्तव्यच होतं ते.
ती उंबऱ्याबाहेरच उभी होती. आत ये म्हणायचं मला सुचलं नाही. सौ. म्हणाली.
दोघींनी आत बसून चहा घेतला. मला कुणी विचारलं नाही.