योरुनची हाक

१९ ऑक्टोबर

सापडली! माझ्या पणजीची आई — ब्रोटेनची बिर्गित. चर्चची जुनी दप्तरं हल्ली घरबसल्या संगणकावर दिसतात म्हणून बरं, नाहीतर हे गुडघे घेऊन कुठं गेले असते मी! अक्षर म्हणजे कोंबडी शाईतून चालत गेल्यासारखं. पण लागलं. १८४६, बिर्गितचं लग्न तार्येईशी, राहणार ब्रोटेन. ब्रोटेन म्हणजे कुळाचं ठिकाण: मालकाच्या शेतात राबायचं, आणि बदल्यात रानाच्या कडेला खोपटं आणि बटाट्यांपुरती जमीन. आजी सांगायची, "आपण ब्रोटेनच्या बिर्गितची माणसं." त्यापुढे काही नाही. पणजीच्या जन्माच्या नोंदीत, १८७२ साली, आई म्हणून तीच आहे. बापाच्या नावावर कुणा धांदरट पाद्र्यानं शाई सांडून ठेवलीय. पण बाप तार्येईच, दुसरा कोण असणार? उशिराचं शेंडेफळ. झालं!

हाल्वोरला हाका मारमारून बोलावलं. मेंढ्यांना चारा टाकून आला, चष्मा न लावताच पडद्याकडे बघितलं. "छान," म्हणाला. नुसता दगड.

२६ ऑक्टोबर

सुनिव्हाचा ओस्लोहून फोन. तिचं आणि एस्पेनचं बाळ जानेवारीत. तिला बिर्गितबद्दल सांगितलं तर हसली — "तुर्दिस, तुला जिवंत माणसं पुरत नाहीत का गं?"

मग सहज म्हणाली, "मुलगी झाली तर नाव ओशिल. एस्पेनलाही आवडलंय."

"वा," म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ओशिल म्हणजे तिची आई. हाल्वोरची पहिली बायको. मी या घरात आले तेव्हा सुनिव्हा नऊ वर्षांची होती. वेण्या मी घातल्या, गोवरात उशाशी मी बसले, पण आई कधी म्हणाली नाही. मीही म्हणवून घेतलं नाही. आता तिच्या लेकरानं मला आजी म्हणावं, एवढंच मनात आहे. पण ओशिलची नात मला काय म्हणून हाक मारणार? तुर्दिस?

मेलेल्या बाईचा हेवा करतेस, तुर्दिस! काही वाटतं का मनाला?

२७ ऑक्टोबर

माझ्या पोटी कुणी नाही. म्हणून तर लागले असेन मागच्यांच्या मागे. हे लिहिलं आणि बरं वाटलं.

२ नोव्हेंबर

सगळ्या मृतांचा दिवस. दरवर्षीप्रमाणे ओशिलच्या दगडावरची पानं झाडली, दिवा लावला. यंदा एक दिवा जास्तीचा — बिर्गितसाठी. जुन्या थडग्यांच्या जागी केव्हाच नवी माणसं निजलीत, म्हणून चर्चच्या भिंतीपाशी ठेवला. मोठ्यानं म्हणालेसुद्धा, "आले बरं का मी." शेजारची बाई वळून बघत होती. बघू दे.

९ नोव्हेंबर

घोटाळा! मोठा घोटाळा!

दफनाच्या नोंदी चाळत होते. "बिर्गित, तार्येईची बायको, ब्रोटेन. बाळंतपणात. मार्च १८५०." आणि माझी पणजी १८७२ ची! मेलेली बाई बावीस वर्षांनी बाळंत झाली? मग मी कुणाची? भिंतीपाशी दिवा लावला तो कुणाला?

संध्याकाळी बटाटे सोलता सोलता हाल्वोरला सांगितलं. त्याची सुरी थांबलीसुद्धा नाही.

"दुसरी बिर्गित असेल."

"कुठून येईल दुसरी?"

"तार्येईनं पुन्हा लग्न केलं असेल. नव्या बायकोला पहिली मुलगी झाली की तिला गेलेलीचं नाव द्यायचं. रीतच होती आपल्याकडे. तुला ठाऊक नाही?"

ठाऊक होती की! लहानपणापासून ऐकलीय. या एका नावाच्या वेळीच कशी आठवली नाही?

मग त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो. नवी बायको, गेलेली बायको. सुरी थांबली. कान लाल.

"आपल्याला मुलगी झाली असती," मी म्हटलं, "तर ओशिलच ठेवावं लागलं असतं मग."

"तुला सांगायची माझी छाती झाली नसती."

हसलो दोघं. शिजायला टाकलेले बटाटे करपले. या माणसाला मी दगड म्हटलं होतं.

१० नोव्हेंबर

आहे! तार्येईचं दुसरं लग्न १८५१ — योरुन. आणि १८५२ मध्ये लेक — बिर्गित. ही माझी, पणजीची आई; तार्येई पणजीचा बाप नव्हे, आजोबा! म्हणजे मी योरुनची. दुसरीची. पहिल्या बिर्गितशी माझं रक्ताचं काही नातं नाही, नुसतं नावाचं.

योरुनच्या दीक्षेची नोंदही मिळाली; वयात येताना पाद्री धर्माची परीक्षा घ्यायचा, ती. पाद्र्यानं शेरा मारलाय — "ज्ञान बेताचं, वर्तन चांगलं." अगदी माझ्यासारखी गं बाई!

दिवसभर तिचाच विचार. त्या खोपट्याच्या दारात उभं राहून रोज पोटच्या पोरीला हाक मारायची — बिर्गित, जेवायला ये! बिर्गित, शेळ्या आण! सवतीचं नाव. आणि त्यात माया आणायची. कशी जमली असेल? जमली असणार, नाहीतर ते नाव आजीपर्यंत असं अभिमानानं आलं नसतं.

बाई, तुझे उपकार. मला वाट दाखवलीस.

११ नोव्हेंबर

सुनिव्हाला मी आपणहून फोन केला. "ओशिल नाव फार चांगलं आहे. मी हौसेनं हाक मारीन," म्हटलं. आणि खरंच तसं वाटत होतं, ओढूनताणून नाही. मग योरुनची सगळी कथा ऐकवली.

"आणि योरुनचं नाव पुढे कुणी आपल्या मुलीला ठेवलं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही. सगळी दप्तरं पालथी घातली. तिच्या नावाचं पुढे कुणीच नाही."

मग म्हणाली, पाय सुजतात. मीठ कमी कर म्हटलं. लोकरीचे मोजे विणून पाठवते, असंही म्हटलं.

२४ डिसेंबर

चर्चची घंटा झाल्यावर थडग्यांपाशी दिवे लावले. ओशिलचा. भिंतीपाशी दोन — बिर्गितचा ठेवलाच, तिला कसं वगळू? आणि योरुनचा. हाल्वोरनं काडी ओढली, वाऱ्याला हात आडवा धरून उभा राहिला. घरी येऊन नाताळची खीर, आत एकच बदाम; ज्याला मिळेल तो नशीबवान. बदाम माझ्या वाटीत आला. त्यानं मुद्दाम घातला, मी पाहिलं, पण बोलले नाही.

इतक्या सुखात मी कधी होते, आठवत नाही.

८ जानेवारी

मुलगी!

हाल्वोरनं फोन माझ्या हातात कोंबला. सुनिव्हाचा आवाज दमलेला. "नाव योरुन ओशिल. हाक योरुनच मारायची."

"अगं, पण तुझी आई —"

"आई आहे की नावात. पण योरुन कोण होती ते तिला कोण सांगणार? ते आजीनंच सांगायचं. कधी येतेस?"

मोजा अजून एकच विणून झालाय. दुसरा गाडीत विणते.