पुष्पकचा तोल

रामनगर, ता. जोयडा
१८ नोव्हेंबर २०२४

चि. गणपतीस,

अ. उ. आशीर्वाद.

तुझ्या फोनचं उत्तर पत्रानं देते आहे. फोनवर जरा अवघड विषय निघाला की तुझ्या होमस्टेत नेमके पाहुणे येतात. कागदावर पाहुणे येत नाहीत.

विमान माझ्याकडेच आहे. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, कॉलेजच्या पुस्तकांखाली. सुप्याचं घर धरणाच्या पाण्याखाली जाण्याआधी आईनं भांड्यांबरोबर तेही गाडीत चढवलं होतं. का ते तिला विचारायचं राहून गेलं. एक पंख मोडला आहे, कागद फाटला आहे, शेपूट जागेवर आहे. तुला ते गणेशगुडीला दर्शनी खोलीत टांगायचं आहे, पाहुण्यांना जुन्या वस्तू आवडतात, हे समजलं. देईन. पण आधी दुरुस्त करीन आणि एकदा उडवीन. मग तुझं.

तुला हसू येईल. हे गेल्यावर घरात वेळ फार उरला, म्हणून गेल्या वर्षी बाल्साचं लाकूड मागवून लहान ग्लायडर करायला घेतले. हात अजून चालतो. चष्मा मात्र दोन लागतात.

तू तेव्हा लहान होतास, म्हणून लिहिते. बेळगावला फिजिक्सच्या सरांनी आम्हा मुलामुलींकडून विमानं करून घेतली होती. मी पुष्पकची, तेव्हाच्या फ्लाइंग क्लबातल्या छोट्या विमानाची, दहाव्या हिश्श्याची प्रतिकृती केली, रबराच्या पिळावर चालणारी. ज्याचं विमान चांगलं उडेल त्याला बेंगळूरच्या शिबिराला पाठवणार होते, आणि तिथून विमानाच्या कारखान्यात नकाशे काढायचं शिक्षण घ्यायची वाट होती. आप्पांनी कबूल केलं होतं की उडालं तर पाठवीन, नाही उडालं तर खानापूरच्या पाहुण्यांना होकार कळवीन. ते मुद्दाम बघायला आले होते. विमानानं नाक वर उचललं, हवेत थबकलं आणि सगळ्यांसमोर कोसळलं. माघात माझं लग्न झालं.

आप्पांना मी दोष देत नाही. त्यांना जे दिसलं त्यावर त्यांनी ठरवलं. मला एवढंच बघायचं आहे की माझं चुकलं कुठं.

चि. सौ. केशरला कोकमं पोचली का ते कळव. लोभ ठेव, थोडा असला तरी रोजचा असू दे.

तुझी,
अक्का

---

गणेशगुडी
२७ नोव्हेंबर २०२४

ती. सुशीलाअक्कास,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा पोस्टमनच हसत होता. म्हणाला की आता पत्रं फक्त बँकेची येतात, ही कुठली अक्का अजून शाईनं लिहिती. मी सांगितलं, आमची अक्का बाई होती शाळेत, तिला उलट उत्तर देऊ नको, अंगठे धरून उभं करील.

कोकमं पोचली. केशर म्हणते की अक्कांनी आता विमानं करण्यापेक्षा इथं येऊन चार दिवस राहावं, नदीकाठी बसावं. राफ्टिंगच्या पाहुण्यांनी खोल्या भरल्या हायत, पण तुझी खोली तुझीच.

विमानाचं एवढं मनावर घेऊ नको. मला उडणारं नको, टांगणारं पाहिजे. वरून नवा कागद चिकटव, लाल रंग दे, झालं. उडवायला जाशील आणि परत मोडशील, मग मी टांगू काय? आणि नाकाचा भाग उगीच उकरत बसू नको. जुनं लाकूड हाय, हात लावला की भुगा होतंय. मी खाली पाटी करायला टाकली हाय, ‘आमच्या आप्पांच्या काळचं विमान, सुपा’. पाहुण्यांना गोष्ट लागते गं. बुडालेल्या गावाचं नाव घेतलं की माणसं गप्प होऊन फोटो काढतात.

जुनं काय चुकलं ते आता शोधून कुणाला मार्क देणार हायस तू? तब्येतीला जप. लोभ हाय तो वाढू दे, आणि राग असला तर तो मात्र आटू दे.

तुझा,
गणपती

---

रामनगर
९ डिसेंबर २०२४

चि. गणपतीस,

अ. उ. आशीर्वाद.

लाल रंग देणार नाही. पुष्पक माझ्याकडे पांढरं आणि निळं होतं, तसंच राहील.

काम पुढं गेलं आहे. सगळा जुना कागद कोमट पाण्याच्या बोळ्यानं ओला करून सोलून काढला. आत माझा सांगाडा जसाच्या तसा निघाला. पंखातल्या पट्ट्या एकीला एक अशा सारख्या कापलेल्या आहेत की माझाच मला विश्वास बसेना. मोडलेला पंख जोडला. पंखांचा कोन मोजला, तो नकाशाप्रमाणे आहे. शेपटीचा कोन मोजला, तोही आहे. म्हणजे ज्या चुका मी इतकी वर्षं मनात धरल्या होत्या त्यातली एकही तिथं नाही.

मग दोन्ही पंखांच्या टोकांखाली एकेक बोट धरून तोल बघितला. विमान लगेच शेपटीवर कललं. नाक हलकं. अशा विमानाला जगातला कुणीही उडवू शकणार नाही. पण नाक हलकं असायचं कारण नाही. दिवाळीच्या सुट्टीत घरी यायच्या आधी मी नाकाच्या कप्प्यात शिशाच्या गोळ्या भरून तोल साधला होता आणि झाकण सिमेंटानं, म्हणजे विमानाचं लाकूड चिकटवायच्या डिंकानं, पक्कं केलं होतं. सरांनी ते बघून मान डोलावली होती. म्हणूनच उडवायच्या दिवशी पुन्हा तपासलं नाही. आपण हातानं बंद केलेल्या कप्प्यावर संशय कोण घेतो.

झाकण माझ्या सिमेंटानं चिकटवलेलं नव्हतं, गणू. फणसाच्या चिकानं चिकटवलेलं होतं. आत शिसं नाही. वाळलेली माती आहे, दाबून भरलेली, हलवली तर आवाज होऊ नये अशी. काळपट, बारीक, नदीकाठची.

विमान दिवाळीत फक्त आपल्या घरी होतं. तुला काही आठवतं का? आठवत असेल ते लिही. आढेवेढे नकोत, एवढा लोभ पुरे.

तुझी,
अक्का

---

गणेशगुडी
१८ डिसेंबर २०२४

ती. अक्कास,

शि. सा. न. वि. वि.

मला काय आठवणार? मी तेव्हा सहावीत, आणि तुझ्या विमानाला हात लावला तर आई फोडून काढील असा दम मिळालेला. माती म्हणशील तर कुंभारमाशी हाय की. आमच्या इथं स्विचबोर्डात, कुलुपात, पाहुण्यांच्या बुटात सुद्धा घर करती. ट्रंकेत इतकी वर्षं पडलेलं, तिनंच भरली असेल. न्हाईतर आप्पांनी काहीतरी डागडुजी केली असेल, त्यांना सवय होती.

इथं थंडी चांगली पडली हाय. एक विचारू? पाटीवाला घाई करतोय. संक्रांतीच्या आधी विमान मिळालं तर बरं. प्रज्योतनं, म्हणजे आमच्या मॅनेजरनं, छताला हूक सुद्धा मारून ठेवलाय.

केशर विचारते की पत्रात तू एवढी कोरडी का लिहितीस. मी म्हटलं, अक्काचं प्रेम खोबऱ्यासारखं, फोडल्याशिवाय मिळत न्हाई. ते मिळत राहो.

तुझा,
गणपती

---

रामनगर
२६ डिसेंबर २०२४

चि. गणपतीस,

आशीर्वाद.

कुंभारमाशी झाकण उघडत नाही, आणि फणसाच्या चिकानं परत लावत नाही. तिला अंगठाही नसतो. माती मी भिंगाखाली धरली. तीवर दाबल्याचा ठसा आहे, लहान अंगठ्याचा. आप्पांच्या अंगठ्यात तो दोनदा मावला असता.

आप्पांना यात ओढू नको. त्या दिवशी मैदानावर ते मला एक शब्द टाकून बोलले नाहीत. घरी चल, एवढंच म्हणाले. मी आयुष्यभर त्यांचा मान ठेवला तो त्यासाठी. ते कडक होते, पण सरळ होते.

त्या दिवाळीत तू रोज गळ घेऊन नदीवर जात होतास. तुझी दोरी पाण्यात बुडत नाही म्हणून रडत होतास. मग एके दिवशी बुडायला लागली. हे मला काल रात्री आठवलं, आणि तुला ते पहिल्या पत्रापासून आठवतं आहे.

हो किंवा नाही, एवढंच लिही. पोस्टकार्डावर मावेल.

अक्का

---

गणेशगुडी
८ जानेवारी २०२५

ती. अक्कास,

शि. सा. न. वि. वि.

व्हय.

झालं समाधान? मी अकरा वर्षांचा पोर. मला काय कळत होतं विमानाचं? गळाला वजन पाहिजे होतं, दगड बांधला की सुटायचा. तुझ्या विमानाच्या नाकात गोळ्या हायत हे तूच मला कौतुकानं दाखवलं होतंस. मला वाटलं, नाकात माती घातली काय, शिसं घातलं काय, बाहेरून कोण बघतंय. केवढी मोठी मरळ लागली त्या दिवशी, आठवतं? आईनं कालवण केलं आणि तू दोनदा मागून घेतलंस. मी तुझ्याकडे बघत होतो आणि मला हसू आवरत नव्हतं.

आणि तू मला चोर म्हणण्याआधी ऐक. मी लपवलं न्हाई. विमान पडलं त्या रात्री तू कोपऱ्यात पांघरूण घेऊन पडली होतीस. मला भ्या वाटलं. मी आप्पांना मागच्या दारी नेऊन सगळं सांगितलं. त्यांनी मारलं न्हाई. गोळ्या मागून घेतल्या आणि विहिरीत टाकल्या. म्हणाले की खानापूरचं स्थळ चांगलं हाय, पोरगी बेंगळूरला गेली तर परत येणार न्हाई, झालं ते बरंच झालं. कुणापाशी बोललास तर बघ, असं बजावलं. मग मी काय करणार होतो?

तू सारखी आप्पा सरळ, आप्पा सरळ लिहितीस म्हणून हे लिहावं लागलं. न्हाईतर मी मरेपर्यंत बोललो नसतो.

आणि खरं सांग, तुझं वाईट काय झालं? दाजी देवमाणूस होते. बी.एस्सी. पुरी झाली, नोकरी झाली, पेन्शन हाय. हे सगळं एका मूठभर शिशावरून मोडू नको. केशर रडते आहे. माझ्यावरचा लोभ कमी कर हवं तर, तोडू नको.

तुझा,
गणपती

---

रामनगर
२ फेब्रुवारी २०२५

गणपतीस,

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण काम पुरं करायचं होतं.

नवा टिश्यू कागद चढवला, तो ताणून बसावा म्हणून डोपच्या रोगणाचे हात दिले. घरभर त्याचा वास राहिला, कॉलेजच्या त्या खोलीत असायचा तसा. नाकातली माती काढून नवं शिसं घातलं, मला वहीशिवाय पाठ असलेल्या वजनाचं. दोन बोटांवर विमान आडवं राहिलं. मग शेजारच्या राजेश्वरीच्या कापणी झालेल्या शेतात गेले. ती बांधावर उभी राहून विचारत होती की बाई, म्हातारपणी आता यात बसून कुठं जाणार हाय. रबराला पीळ दिला आणि वाऱ्याच्या तोंडाला सोडलं.

ते उडालं. हळूहळू चढत गेलं, शेताच्या टोकाला वळलं, पीळ संपल्यावर पंखा थांबला आणि खुंटांवर येऊन बसलं. राजेश्वरीनं टाळ्या वाजवल्या. मला तिला सांगावं लागलं की मी रडत नाही, उन्हाकडे बघत होते.

शेवटच्या आजारात आप्पा माझ्याच घरी होते, हे तुला आठवत असेल, कारण तुझ्याकडे तेव्हा जागा नव्हती. मी त्यांना चमच्यानं पेज भरवत होते. त्यांची वाचा शेवटपर्यंत चांगली होती. देवाचं बोलायचे, पावसाचं बोलायचे, मीठ कमी आहे म्हणून बोलायचे. ट्रंक तेव्हा त्यांच्याच खोलीत होती.

माझं वाईट काय झालं, असं तू विचारलंस. मी शाळेत गणित शिकवलं. मुलांना सांगायची की उत्तर चुकलं तर दुसऱ्याकडे बघू नका, आपली पायरी तपासा. स्वतःही तेच करत आले. संसारात काही बिनसलं, शाळेत कुणी पुढं गेलं, की मी मनातल्या मनात त्या मैदानावर जायची आणि माझी पायरी शोधायची. मी मुळात नीट बांधू शकत नाही, हे मी स्वतःबद्दल खरं धरून चालले. यांनी कारवारला मुख्याध्यापकाच्या जागेसाठी अर्ज कर म्हणून किती सांगितलं, मी केला नाही. माझी पायरी चुकली नव्हती, नाकात शिसं नव्हतं, गणू, आणि ते तुम्हा दोघांना ठाऊक होतं.

विमान उद्याच्या दांडेली गाडीनं पाठवते आहे. प्रज्योतला स्टँडवर उभा कर. खोकं आडवं धरायचं, टोकावर नाही. पंख पक्के आहेत, कागद ताणलेला आहे, तुझ्या पाहुण्यांना आवडेल.

नाकातलं शिसं मी काढून घेतलं. छताला टांगायच्या विमानाला त्याची गरज नाही. त्या जागी तुझी माती परत भरली आहे आणि झाकण फणसाच्या चिकानंच लावलं आहे. सुप्याच्या नदीकाठची शेवटची माती असेल ती, पाहुण्यांना सांगायला चांगली गोष्ट आहे. हूकला बांधताना शेपूट खाली जाईल. तिला मागून एक जास्तीची दोरी लाव.

पाटी बदलू नको. तिच्यावर आप्पांचं नाव आहे ते योग्यच आहे. खाली तुझंही घाल. नाकात माती असलेलं विमान तुम्हा दोघांचंच आहे. शिसं असलेलं माझं होतं, ते मी उडवलं.

टेबलावर नवीन लाकूड येऊन पडलं आहे. केशरला सांग, कोकमं दर वर्षीसारखी येतील, तिच्या नावावर.

लोभाचं या वेळी काही लिहीत नाही.

सुशीला