मोठ्या बाईंची जागा

३ जुलै

ती. दादांस,

सा. न. वि. वि.

खोकला कसा आहे? काढा नियमित घेताय ना, की वहिनींची पाठ वळली की मोरीत ओतताय?

आता मुद्द्याचं. आमच्या चित्रकलेच्या मास्तरांनी मोठ्या बाईंना प्रेमपत्र धाडलं. बाईंनी ते लपवलं नाही, सरळ तुमच्या शाळा-समितीकडे दिलं. तर समितीनं बाईंनाच घरी बसवलं! मास्तरांना म्हणे समज दिली. आज ते शीळ घालत फळ्यावर फुलदाणी काढत होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. समितीचे चिटणीस तुम्ही. हे चाललंय तरी काय?

रागावले असले तरी तुमचीच,
धाकटी

६ जुलै

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद.

काढा कडू आहे, पण तुझ्या पत्राइतका नाही. अगं, पुरुषमाणूस, जातो कधी तोल. पदरी तीन मुलं आहेत त्याच्या. बाईमाणसाचं नाव एकदा चर्चेत आलं की पालक मुलींना शाळेतून काढतात. शाळाच बंद पडली तर तुमच्या त्या स्त्रीशिक्षणाचं काय?

मोठ्या बाईंच्या जागी मी तुझं नाव सुचवलंय आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. शनिवारी पालकांच्या सभेत जाहीर करू. तुझी वहिनी आनंदानं रडली. आता डोकं शांत ठेव आणि घरी जेवायला ये.

तुझं भलं चिंतणारा,
दादा

८ जुलै

ती. दादांस,

सा. न. वि. वि.

वहिनींना म्हणावं, डोळे पुसा. मला ती जागा नको.

गेल्या वर्षी मास्तरांनी असंच पत्र मला लिहिलं होतं. मी तुम्हाला दाखवलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, जाळून टाक, बोभाटा झाला तर तुझंच नाव जाईल. मी मुकाट्यानं मान डोलावली. मी गप्प बसले म्हणून मला बढती, आणि बाई बोलल्या म्हणून त्यांना घरची वाट! तेव्हाच तोंड उघडलं असतं तर बाईंवर ही पाळी आली नसती. मला याची लाज वाटते, दादा. तुम्हाला कशी वाटत नाही?

ते पत्र मी जाळलं नाही. शनिवारी सभेत उभी राहून वाचणार आहे, त्यावरच्या माझ्या नावासकट. मग समितीला मलाही काढावं लागेल. तो ठराव मात्र दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ नका, तुमच्या हातानं लिहा.

शनिवारनंतरही लोभ उरला तर कळवा.

तुमची,
धाकटी