मावशींना बोल लावू नकोस

९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीचा गुडघा कसा आहे? व्यायाम करते म्हणते, पण फोनवर तिचं ‘करते’ आणि ‘करेन’ मला सारखंच ऐकू येतं. फोन असताना ही बया कागद का खरडतेय, म्हणशील. फोनवर तू मध्येच बोलतोस, दादा. आणि तू बोललास की मी गप्प बसते. म्हणून.

आधी चांगली बातमी. आमचं औषध पुढच्या महिन्यात पहिल्यांदा माणसांना देणार आहेत. नऊ वर्षं लागली! ‘जुलाब-उलट्यांच्या विषाणूवर एवढी वर्षं कसली घालवतेस? मीठ-साखरेचं पाणी द्यायचं की झालं,’ असं तू चिडवायचास. धडधाकट माणूस दोन दिवसांत उठतो, हे खरं. म्हाताऱ्यांचं आणि तान्ह्यांचं तसं नसतं. हा विषाणू पेशीत शिरला की त्याची प्रथिनं एका लांब साखळीत तयार होतात आणि मग तो स्वतःच्याच कात्रीने तिचे तुकडे करतो. तुकडे झाले नाहीत तर त्याचं पुढे काही चालत नाही. आमचा रेणू त्या कात्रीच्या पात्यांत जाऊन अडकतो. सांगायला एवढंच. पण नेमका अडकेल असा आकार सापडेपर्यंत चारशे बारा रेणू वाया गेले. आम्ही बशीत माणसाच्या आतड्याचे मोहरीएवढे गोळे वाढवतो. चारशे तेरावा त्यांच्यावर चालला, तेव्हा कधी न हसणाऱ्या आमच्या प्रमुखबाईंनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की माझा चष्माच पडला.

सगळे नाचत होते. मी चष्मा शोधायच्या निमित्ताने टेबलाखाली बसून राहिले. आपले अण्णा आठवत होते.

त्यांचंच सांगायचंय.

दोन वर्षांपूर्वी ते आजारी पडले त्याच्या आठवडाभर आधी मला उलट्या-जुलाब झाले होते. तुला बोलले नव्हते. तीन दिवसांत बरी झाले. बरं वाटलं तरी पुढे दोन आठवडे हा विषाणू अंगातून बाहेर पडत राहतो, हे मीच लोकांना चित्रं दाखवून समजावते. पण अण्णांचा वृद्धाश्रमातून फोन आला, “रविवारी येतेस ना? नखं वाढलीत माझी.” दुसऱ्या कुणी कापलेली त्यांना चालायची नाहीत. गेले. दारातल्या बाटलीतलं जंतुनाशक हाताला चोळलं. त्याने हा विषाणू नीट मरत नाही, साबणाने खळखळून हात धुवावे लागतात, हेही मीच सांगत असते. बेसिनपाशी दोघं-तिघं उभे होते आणि अण्णा आतून हाका मारत होते. नखं कापली. मग संत्रं सोलून एकेक फोड भरवली. खुशीत होते रे. “गोड निघालं,” म्हणाले.

मंगळवारी पहिली उलटी. शुक्रवारी गेले.

तिथल्या कार्यालयात तू टेबलावर हात आपटलास. “स्वयंपाकघरातूनच आलंय हे! कोण रांधते इथे?” स्वयंपाकाच्या मावशी ओल्या हातांनी दारात उभ्या होत्या. “साहेब, अकरा वर्षं मीच रांधतेय,” एवढंच म्हणाल्या. मी तुझ्या शेजारी होते. माझी जीभ उचलली नाही. आठवड्याच्या आत त्यांना काढून टाकलं.

माझ्या शौचाचा तेव्हाचा नमुना मी प्रयोगशाळेत गोठवून ठेवला होता, कामाला येईल म्हणून. अण्णांचा तपासणी विभागात होता. दोन्हींतला विषाणू जुळवून बघायचं काम फार तर चार दिवसांचं. मी दोन वर्षं लावली. गेल्या महिन्यात रीतसर अर्ज करून बघितलं. तंतोतंत एक.

मुद्दाम केलं नाहीस, असं तू म्हणशील. आजार मुद्दाम दिला नाही. गप्प मात्र मुद्दाम बसले.

या मंगळवारी मावशींना शोधून काढलं. त्या आता एका लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. मग म्हणाल्या, “मला वाटायचं, खरंच माझ्याच हातून घडलं असेल. नात झाली मला. दीड वर्षाची आहे. अजून एकदाही तिला हाताने घास भरवला नाही मी. भीती वाटते.”

मी रडायला लागले. त्यांनी मला गप्प केलं नाही. “रडून काय करू मी त्याचं? तिथे लिहून द्या. आणि तुमच्या भावाला सांगा.”

काल वृद्धाश्रमाला लिहून दिलं. प्रत सोबत जोडली आहे. प्रमुखबाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, “आधी भावाचं पत्र टाकून ये, मग कामाला बस.”

आता तुझं. लॉन्ड्रीचा पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. माझ्या वाट्याची माफी मी मागितली, तुझ्या वाट्याची मला मागता येत नाही. माझ्यावर हवा तेवढा राग धर, महिनाभर बोलू नकोस. पण आधी तिकडे जाऊन ये. आणि त्यांनी ‘साहेब’ म्हणायच्या आत तू बोल.

अजूनही म्हणू देशील तर,
तुझीच,
धाकटी