रोहिणखेडच्या सात लाल खुणा

३ फेब्रुवारी २०२६, मंगळवार. सकाळी ११ वाजून २० मिनिटे.

वेळ मुद्दाम लिहिली. पुढे कुणी "नेमके कधी?" म्हणाले तर उत्तर तयार हवे.

ज्या कॉलेजात शिकवत असे तिथला डीप फ्रीझर उघडला. आत लखलखाट. बर्फाचा थर नाही, डाग नाही. काचेच्या कुप्या प्रार्थनेला उभ्या राहिल्यासारख्या रांगेत. आणि एकीवरही चिकटपट्टी नाही. पट्टी नाही म्हणजे नंबर नाही. नंबर नाही म्हणजे ते रक्त कुणाचेही.

भास्कर, प्रयोगशाळेतला शिपाई, मागे उभा. शाबासकीची वाट पाहत.

"म्याडम, पाह्यणीवाले येऊन राह्यले होते. सायबानं सांगतलं, जुनं कळकट काही दिसू नोको. मंग बकेटीत काढून कोमट पाण्यानं एकेक धुतली. पट्ट्या लय चिवट. पण एक नाही फुटू देली."

एक नाही फुटू दिली. मी एक कुपी उचलून उजेडात फिरवून पाहिली.

४ फेब्रु.

आजचे हे वेडेवाकडे अक्षर पाहून कॉन्व्हेंटातल्या सिस्टरने वही खिडकीबाहेर भिरकावली असती.

रोहिणखेडच्या मुली. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी पहिली-दुसरीत होत्या, गोवराची लस टोचली आणि नंतर रक्त घेतले. ती पहिली कुपी. लग्न ठरले तेव्हा दुसरी. मलकापूरच्या कारखान्यातला बर्फ, थर्मास, एसटी. ज्या संशोधन संस्थेसाठी हे करत होते तिथले पुरुष सहकारी विचारायचे, बाई, तुमच्या बुलढाण्याला रेल्वे तरी आहे का? नाही. म्हणूनच गेले.

प्रश्न एकच होता. लहानपणची लस किती वर्षे राखण करते, आणि ती मुलगी आई झाली की बाळाला त्यातले किती मिळते. पहिले काही महिने बाळाला स्वतःची लस नसते. आईकडून आले तेवढेच.

मार्चमध्ये तिसरी आणि शेवटची फेरी. मेघना, माझी विद्यार्थिनी, नागपूरला तिन्ही वेळचे रक्त एकाच दिवशी तपासणार होती. होती.

प्राचार्यांना फोन. म्हणाले, मॅडम, समितीने फ्रीझरचे विशेष कौतुक केले. आदेश कुणाचा, लेखी द्या म्हटले. म्हणाले, साफसफाईला कसला लेखी आदेश? मी म्हटले, "माझे सगळे आयुष्य तुम्ही ताटासारखे घासून ठेवलेत." त्यांना विनोद वाटला. हसले.

६ फेब्रु.

मेघनाचा फोन. रडली. रडायचे असेल तर फोन ठेव म्हटले. मग कामाचे बोलली. त्या बायकांचे ताजे रक्त मिळाले तर कुठली जुनी कुपी कुणाची ते जुळवून पाहता येईल. कठीण आहे, अशक्य नाही. पण प्रत्येकीची नव्याने संमती हवी.

संमतीची मला चिंता नाही. रोहिणखेडने मला कधी नाही म्हटलेले नाही.

तिने बजावले, पाकिटाला हात लावू नका. जणू मला सांगायला हवे. कुठला नंबर कोणत्या मुलीचा, ती यादी नर्सने केली, लाखेने बंद केली, तेव्हापासून माझ्या कपाटात आहे. नावे पाकिटात, निकाल नंबरांखाली माझ्या वहीत. अभ्यास संपेपर्यंत दोघांची गाठ घालायची नाही. संस्थेचा नियम, माझाही. नाव कळले की तपासणारा हवे तेच पाहतो. विद्यार्थ्यांना हे वाक्य घोकून घेत असे.

१० फेब्रु., मंगळवार.

राजूर घाट उतरून मोताळा, तिथून रिक्षाने रोहिणखेड. गावात किंवा जवळपास दिलेल्यांना निरोप होता, पण बायका अर्ध्या हरभरा सोंगायला, कापणीला, गेलेल्या. उरलेल्या शोभा इंगळेच्या अंगणात जमल्या. शोभा अंगणवाडीत मदतनीस. मामाच्याच घरी दिलेली, म्हणून गाव सुटले नाही. हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. मलाही मूठभर दिले, सोला म्हणाली.

"बाई, ह्या वख्ती बिस्किटाचा पुडा नाही आणला का? दोन्ही डाव देला होता."

सगळ्या हसल्या. मीही.

मग झाला प्रकार सांगितला. पट्ट्या, बकेट, प्राचार्य, आणि मी लेखी उत्तर मागितले आहे हेही, जरा ऐटीतच. शोभा घाटे सोलता सोलता म्हणाली,

"तुमच्या पट्ट्या धुतल्या तं तुमी लेखी मांगून राह्यल्या. आमचं दोन डाव रगत नेलं, आमाले तं तोंडी बी नाही सांगतलं का त्यात निंघालं काय."

पुन्हा हसल्या. मी नाही.

म्हटले, सांगते ना. आणि शिकवल्यासारखे सांगत सुटले. बहुतेकींचे चांगले होते. सात जणींच्या दुसऱ्या कुपीत मात्र राखण जवळजवळ संपलेली. वहीत त्या सात नंबरांना लाल खूण आहे. अशा आईच्या बाळाला गोवर लवकर गाठू शकतो. हाच आमच्या कामातला सर्वांत मोलाचा निष्कर्ष, त्यावर माझा निबंध छापून आला.

आतले शिलाई मशीन थांबले. शोभाची मुलगी प्रज्ञा दारात आली. तिच्या डाव्या डोळ्यात फूल आहे. सात महिन्यांची असताना गोवर झाला होता, डोळा तेव्हाचाच. हे मला माहीत होते. सगळ्या गावाला माहीत आहे. माहीत असणे आणि त्या खुणांशी जोडून पाहणे—

शोभाने सूप खाली ठेवले.

"त्या सातात मी होती का?"

"माहीत नाही."

"मंग कोणाले माहीत हाये?"

"एक पाकीट आहे. त्यात नावे आहेत."

"कोठी हाये थे?"

"माझ्या कपाटात."

मग तिने विचारले, लग्नाच्या आधी आणखी एक सुई घेतली असती तर? खोटे बोलता आले असते. म्हटले, "बहुधा तेवढी पुरली असती."

"दवाखान्यात होती का थे सुई तवा?"

"होती. फुकट."

प्रज्ञा आत गेली. मशीन पुन्हा सुरू झाले नाही. मी निघताना शोभा दारापर्यंत आली. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरे झाले असते.

"आधी कागद, मंग रगत. लिहून द्या. नंबर नोको, माहं नाव टाका."

बाकीच्यांनी माना हलवल्या. संमतीचे अर्ज कोरेच परत आणले.

११ फेब्रु.

जुनी वही काढली. सात लाल खुणा. तिसरीशेजारी समासात माझे अक्षर, सुबक, सिस्टरला आवडले असते असे: "उत्तम! पुन्हा तपासावे."

उत्तम.

पुन्हा तपासलेही. दोनदा. मग निबंध, मग परिषद, तिथे टाळ्या. पाकीट फोडायला एक मिनिट लागले असते. गावात निरोप धाडायला एक पोस्टकार्ड. मला ते सुचून मी टाळले असते तर निदान गुन्हा म्हणता आला असता. सुचलेच नाही.

अभ्यास संपेपर्यंत फोडायचे नाही. माझा अभ्यास संपलाच कधी?

१२ फेब्रु.

मेघनाशी वाद. ती म्हणते, पाकीट फोडले तर तिसऱ्या फेरीला अर्थ नाही, कुणी छापणार नाही. जूनपर्यंत थांबा, तपासण्या होऊ द्या, मग सांगू. म्हटले, कागदाशिवाय रक्त नाही. म्हणाली, समजूत काढा ना, खेड्यातल्या साध्या बायका आहेत. म्हटले, तू शोभाला भेटली नाहीस.

ती चुकीचे बोलत नाही. तिचे प्रत्येक वाक्य मीच तिला शिकवलेले.

१३ फेब्रु.

सकाळी भास्कर घरी आला. हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात सोललेल्या सगळ्या पट्ट्या. फेकल्या नव्हत्या. शाईचे आकडे धुऊन गेलेले, चार-दोन वाचता येतात.

"मले कोणी सांगतलंच नाही म्याडम, का त्या पट्टीत जीव हाये म्हून."

त्याच्यावर चार पाने तक्रार लिहून ठेवली होती. फाडली. चहा दिला. कोणी सांगितलेच नाही, हे चार दिवसांत दुसऱ्यांदा ऐकले.

१६ फेब्रु., सोमवार.

संस्थेच्या संचालकांना पत्र, स्पीड पोस्टाने. पोच जपून ठेवली. शेवटचा मजकूर इथे उतरवते:

"कॉलेजातील प्रकाराची तक्रार सोबत आहे, पण ती दुसऱ्या क्रमांकाची. पहिली माझ्याविरुद्ध आणि आपल्या नियमाविरुद्ध आहे. रोहिणखेडच्या प्रत्येक बाईला तिच्या दोन्ही वेळच्या रक्ताचा निकाल मराठीत, तिच्या नावाने, माझ्या सहीने देण्याची परवानगी मिळावी. त्यामुळे तिसरी फेरी बाद ठरेल हे मला कळते. कृपया समजावून सांगू नये.

उत्तर लेखी हवे. फोन करू नये, मी उचलणार नाही. मुदत शनिवार, २८ फेब्रुवारी, सायंकाळी ५. उत्तर न आल्यास रविवारी, १ मार्चला सकाळी दहा वाजता, शोभा इंगळे यांच्या अंगणात, त्यांच्या आणि त्यांच्या मुलीच्या समोर मी पाकिटाची लाख फोडीन. नियम मोडल्याची जबाबदारी सर्वस्वी माझी. तो इतकी वर्षे पाळला गेला, त्याची जबाबदारी माझ्याखेरीज आणखी कुणाची, तेही त्याच पत्रात कळवावे."