पामच्या वळणावर न दिसलेलं

२ डिसेंबर, मंगळवार
दुपारी घरी आले. जेवण गेलं नाही. लिहून काढते, म्हणजे नक्की काय झालं ते तरी...

सकाळची ड्यूटी. सव्वासहाला नवापूरहून निघाले. अंधारच होता, त्यात धुकं. पाम गाव सोडल्यावरच्या वळणावर डाव्या हाताला काहीतरी हललं. दिसलं तेव्हा अगदी जवळ आलं होतं. स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. फट्. डावा आरसा आत वळला, काच तडकली.

थांबले. उतरले. "कोण आहे? लागलं का?" तीन-चारदा ओरडले. कोणी नाही. कडेला फडक्यात बांधलेली भाकरी पडली होती, एवढंच. मोबाइलच्या टॉर्चने गवतात बघितलं. मग घड्याळ बघितलं. आणि गेले.

अठरा वर्षं नर्स आहे. आणि गेले.

परत येताना तिथे हळू केली. भाकरी नव्हती. कोणीतरी उठून घेऊन गेलं. किंवा कुत्र्याने.

३ डिसेंबर, बुधवार
हॉस्पिटलात कालचं रजिस्टर चाळलं, सहज चाळल्यासारखं. दोन ताप, एक विंचू, कंपनीतला एक भाजलेला. रस्त्यावरचं कोणी नाही. बरं वाटलं, मग बरं वाटल्याचीच लाज वाटली.

पहाटे निघायला भीती वाटते. आज बाहेर पडण्याआधी भिंतीसमोर गाडी उभी करून दिवे लावून बघितले. दोन पिवळट डाग. रॉकेलच्या चिमणीसारखे. हे महिनाभर बघतेय आणि चालवतेय? बाबांची गाडी, चौदा वर्षांची. पावसाळ्यानंतर त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली, "आता तूच चालव." मी रिक्षा सुटली म्हणून खूश.

४ डिसेंबर, गुरुवार
ड्यूटीवरून परस्पर सरावलीला, शकीलभाईंच्या गॅरेजवर. मला वाटलं बल्ब बदलतील, झालं. त्यांनी मीटर लावला. बॅटरीला साडेबारा व्होल्टच्या वर, बल्बपाशी दहासुद्धा नाही. "मॅडम, बल्ब बेचारा क्या करेगा? करंट पहुँच ही नहीं रहा." बॉडीला जोडलेली अर्थिंगची वायर काढून दाखवली. हिरवी पडलेली, बोटात चुरा झाला. खाऱ्या हवेने. नवापूरच्या सगळ्या गाड्यांचं हेच, म्हणाले.

वायर नवी टाकली, दिव्यांना थेट बॅटरीतून करंट मिळावा म्हणून रिले बसवला. मग दिव्यांची काच. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायला लागले. पिवळं पाणी निघत होतं. एकाहून एक बारीक पेपर, मग पॉलिश, मग वरून लॅकर. डावीकडच्या दिव्यातला रिफ्लेक्टर काळा पडलेला, तो अख्खा दिवाच बदलला.

"और ये शीशा?"
"गेटला लागला."

पटकन निघालं तोंडातून. गेट आम्हाला नाहीच.

५ डिसेंबर, शुक्रवार
पहाटे पांढरा लख्ख उजेड. वळणावरचा प्रत्येक दगड दिसला, गवताची पाती दिसली. तिथे थांबले नाही. चौथ्या गिअरमध्येच गेले.

संध्याकाळी बाबांनी भिंतीवर पडलेला उजेड बघितला. जवळ जाऊन दिव्याच्या काचेवर हात फिरवला. मग, "म्हंजे दिवेच गेलते?"
"हो. वायर कुजलेली."
"मला वाटलं माझे डोले गेले. म्हनून सोडली गाडी."

तीस वर्षं स्वतःची बोट चालवलेला माणूस. डोळे गेले हे कोणाला सांगायचं नव्हतं, म्हणून मुलीला किल्ली दिली. मला रागवायचं होतं. जमलं नाही. वळणावरचं सगळं मात्र त्यांना सांगून टाकलं.
"कोन मेला बिला नाय ना? मंग गप रा. गाडी माझ्या नावावर हाय."

७ डिसेंबर, रविवार
सुट्टी. किनाऱ्यावर आत्याकडे गेले. ती बोंबील सुकत घालते, चार बायका हाताखाली असतात. आज तीनच. आत्या चिडलेली. "मंगली मंगलवारपासून येत नाय. पामच्या पुढं मोटारीनं उडवली म्हनं. हात सुजलाय. तू जाऊन बघ ना बाय, तू नर्स."

हातातला बोंबील तसाच धरून उभी होते. आत्या म्हणाली, काय गो, वास येतोय काय?

८ डिसेंबर, सोमवार
ड्यूटी झाल्यावर संध्याकाळी मंगलीच्या पाड्यावर. रस्त्यापासून पंधरा मिनिटं आत चालत. घरात ती आणि सासू. नवरा भिवंडीकडे वीटभट्टीवर. वय तिशीच्या आतबाहेर, बारीक, बोलकी. डावं मनगट काट्याच्या चमच्यासारखं वाकलेलं, वर कसलासा पाला बांधलेला. मोडलंय हे बघताक्षणी कळलं. सहा दिवस ही असंच घेऊन बसलीय.

"कशी होती गाडी?" मी विचारलं. का विचारलं?
"लाईट नव्हताच तिला. पिवलं कायतरी आलं न् मी उडाले."

गाडीत बसवून हॉस्पिटलला आणली. रस्त्याला लागेपर्यंत अंधारून आलं, दिवे लावले. ती समोर बघत म्हणाली, "तुमच्या गाडीला उजेड चांगला हाय."

एक्स-रे. मनगटाचं हाड मोडलेलं. हाडांच्या डॉक्टरांनी भूल देऊन बसवलं, प्लास्टर घातलं. उशीर झालाय, जरा वाकडं राहू शकतं, पुढच्या आठवड्यात गुरुवारी परत एक्स-रे काढून बघू, म्हणाले. केसपेपर मी भरला. 'कशाने लागलं' समोर मी लिहिलं: घरी पाय घसरून पडली.

अपघात लिहिलं की पोलिसांना कळवावं लागतं. हे मला माहीत आहे म्हणूनच तसं लिहिलं. मंगलीला वाचता येत नाही. हेही मला माहीत होतं.

१० डिसेंबर, बुधवार
सलाइन लावताना दोनदा शीर चुकली. सोबतच्या सिस्टरने विचारलं, बरं नाही का? बाबा माझ्याकडे बघत नाहीत. मी गाडीकडे बघत नाही. दिवे घासून घेतले ते कशासाठी? पुढच्या माणसासाठी, की मंगलीने ओळखू नये म्हणून? गुरुवारी गॅरेजवर गेले तेव्हा तिचं नावही माहीत नव्हतं. तरीपण.

१२ डिसेंबर, शुक्रवार
सांगितलं.

पाड्यावर गेले, तिची बोटं तपासली, सूज कमी. सासू पाण्याला गेलेली. उभ्यानेच म्हणाले, "मंगली, ती गाडी माझी. मीच होते."

ती प्लास्टरवरचा धागा ओढत राहिली. मग म्हणाली, "म्हाईत हाय."
"कसं?"
"आवाज. तू वरडत व्हतीस ना. 'लागलं का, लागलं का.' मी बांधाच्या मागंच व्हते."
"मग ओ का दिली नाहीस?"
"भ्याले. गाडीवाले उतरले का आमालाच बोलतात. रस्त्यात का चालतेस म्हनून."

म्हणजे हॉस्पिटलात, गाडीत, पूर्ण वेळ तिला ठाऊक होतं. दिव्यांचं कौतुक केलं तेव्हाही. मी केसपेपराचंही सांगितलं. त्यावर मात्र तिने मान वर केली. "मी घरी पडले असं लिवलंस?" हाताचा नव्हता एवढा राग या गोष्टीचा. "मी घरात पडनारी बाय हाय?"

नवरा रविवारी येतो म्हणाली. तो आल्यावर ये.

१३ डिसेंबर, शनिवार
डॉक्टरांना लिहून दिलं. अपघात कसा झाला, गाडी कोणाची, चालवत कोण होतं, केसपेपर खोटा कोणी भरला. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढून ठेवला. "सिस्टर, तुम्ही?" मग, "चौकीला कळवावं लागेल. मॅनेजमेंटलाही." मी हो म्हटलं. नोकरीचं काय ते अजून कोणी बोललेलं नाही.

बाबांना घरी येऊन सांगितलं. उठून ओट्यावर जाऊन बसले, समुद्राकडे तोंड करून. जेवायला हाक मारली तर म्हणाले, "पोलिसाला सांग, दिवे कमी हायेत ते म्हाताऱ्याला म्हाईत व्हते."
"तुम्हाला कुठे माहीत होतं?"
"बघायला पायजे व्हतं ना."

१४ डिसेंबर, रविवार
चौकीवरून अजून फोन नाही.

दहाला पाड्यावर. बाबाही आले, मी नको म्हणत असताना. नवरा माझ्यापेक्षा लहान, गप्प माणूस, भट्टीची लाल माती अजून केसात. त्याने बाबांना खाटेवर बसवलं, मला बस म्हणाला नाही. मी सगळं परत सांगितलं. पोलीस येतील, तुमचं म्हणणं विचारतील, जे खरं ते सांगा, माझ्यासाठी काही कमी करू नका.

तो बायकोच्या हाताकडे बघत होता. "हात सरल होईल?"
"माहीत नाही. गुरुवारी एक्स-रेत कळेल."
"भाताच्या लावनीला चालंल?"
"तोवर हाड भरेल. जोर किती येईल ते आत्ता सांगता येत नाही."
"मंग आत्ता मी काय बोलू?" एवढंच म्हणाला आणि आत गेला.

निघताना मंगली वाटेपर्यंत आली. गुरुवारी न्यायला येते, सहाला पाड्याच्या तोंडाशी थांबते, म्हटलं. त्या दिवशी माझी ड्यूटी सातची.

तिने नाही म्हणून मान हलवली. "अंधारात नको. उजाडल्यावर ये. मंग बसायचं का नाय ते बघते."

ड्यूटी बदलून मागायला हवी. देतील का, मला ठेवलं असेल का, काही कळत नाही. काही झालं तरी साडेसातला पाड्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहणार आहे.